निळ्या उजेडात जागी झालेली आठवण

आठवण मेंदूत नेमकी राहते कुठे? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी या एका प्रश्नापायी अर्धं आयुष्य वेचलं. उंदरांना चक्रव्यूहातली वाट शिकवायची, मेंदूच्या बाहेरच्या थराचा तुकडा काढायचा आणि वाट आठवते का ते पाहायचं. तुकडा जितका मोठा, तितकी वाट जास्त चुकायची. पण अमुक एक तुकडा काढला आणि वाटच पुसली गेली, असं काही घडेना. १९५० साली त्यांनी साऱ्या शोधाचा हिशेब मांडला, तेव्हाही पत्ता सापडलेला नव्हता.

तो सापडायला मदत झाली एका शेवाळाची! क्लॅमिडोमोनास हे एकाच पेशीचं हिरवं शेवाळ. उजेड कुठून येतोय हे त्याला एका प्रथिनामुळे कळतं. निळा प्रकाश पडला की ते प्रथिन पेशीच्या आवरणात दार उघडतं आणि विद्युतभारित कण आत शिरतात. मेंदूतली पेशी चेतते तीही असेच कण आत शिरल्यामुळे. मग हे प्रथिन तिच्यात बसवलं, तर उजेड पाडून तिला हवं तेव्हा जागं करता येईल.

अमेरिकेत एमआयटीमध्ये सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच झालं. (तोनेगावांना १९८७चं नोबेल मिळालं ते प्रतिपिंडांवरच्या कामासाठी, स्मृतीकडे ते नंतर वळले.) उंदराला एका पिंजऱ्यात पायाला विजेचा सौम्य धक्का दिला. त्या वेळी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ज्या मोजक्या पेशी चेतल्या, फक्त त्यांच्यातच शेवाळाचं प्रथिन तयार होईल अशी जनुकीय व्यवस्था आधीच केली होती. मग त्याला वेगळ्याच, निर्धोक पिंजऱ्यात सोडलं. तो मजेत हुंगत फिरू लागला. बारीक तंतूतून मेंदूत निळा उजेड सोडला आणि उंदीर भीतीनं जागच्या जागी थिजला. धक्का दुसरीकडे बसला होता, काही दिवसांपूर्वी; तो त्याला या क्षणी आठवला होता. साल होतं २०१२.

आपल्या डोक्यात कुणी दिवा लावत नाही. तिथे हे काम खुणा करतात: कापराचा वास, जुन्या गाण्याची सुरावट. मूळ अनुभवातला एक धागा हाती आला की काही पेशी चेततात, त्या आपल्या जोडीदारांना उठवतात. आठवणं म्हणजे त्या पेशींनी पुन्हा एकत्र जागं होणं.

आणि जागी झालेली आठवण बदलू शकते. पुढच्याच वर्षी याच चमूनं निर्धोक पिंजऱ्याची आठवण उजेडानं जागवली आणि त्याच वेळी दुसऱ्या पिंजऱ्यात धक्का दिला. नंतर उंदीर त्या पहिल्या पिंजऱ्यात थिजू लागला. तिथे त्याला कधीच काही झालं नव्हतं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१६चा प्रयोग. अल्झायमरसारख्या आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले उंदीर धक्क्याची जागा दुसऱ्या दिवशी विसरत. उजेड पाडताच त्यांना ती आठवे. म्हणजे आठवण शाबूत होती, तिच्यापर्यंतची वाट मोडली होती. मग शास्त्रज्ञांनी त्या पेशींपर्यंत येणारे तंतू उजेडानं पुन्हा पुन्हा चेतवले. पेशींवरचे झडलेले सूक्ष्म काटे, जिथे दुसऱ्या पेशी येऊन जोडल्या जातात, पुन्हा उगवले. त्यानंतर त्या उंदरांना ती जागा उजेडाशिवाय आठवू लागली.