नोंद नाही तर तोड नाही!



उसाची नोंद वेळेत झाली नाही तर काय होते, हे आपणांस आम्ही सांगायला नको. ऊस फडात डोलत उभा, पण कारखान्याच्या दफ्तरी नाव नाही. मग टोळी यायची कुठनं? हाच धडा आपल्या एका सभासदाच्या, कोल्हापुरात शिकणाऱ्या मुलीने संगणकावर गिरवला.

घरचे लहानसे गुऱ्हाळ आहे. (गुऱ्हाळाची गोष्ट कारखान्याच्या पत्रात कशाला, असे कृपया कोणी म्हणू नये!) कॉलेजचा प्रकल्प म्हणून तिने घरच्या गुळाची वेबसाईट केली. काहिलीचे फोटो टाकले, वर नाव दिले 'आमचे उत्पादन'. दोन महिने गेले, एक गिऱ्हाईक फिरकले नाही. गूगलवर शोधावे तर पत्ताच नाही. वडील म्हणाले, "पोरी, त्यापेक्षा अभ्यास कर की!"

हाच अभ्यास होता. त्याला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणतात. गूगलचे यंत्र आपल्या चिटबॉयसारखे हिंडते. एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जाते, वाचते, नोंद करते. हिच्या साईटकडे एकही वाट जात नव्हती आणि माहिती सगळी फोटोतच छापलेली. तिने मजकूर नीट लिहून काढला आणि पानांची यादी गूगलच्या सर्च कन्सोलवर दिली. त्याला पैसा पडत नाही.

नोंद झाली, आता क्रम. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर; इथला क्रम, विचारलेल्या प्रश्नाला पान किती नेमके उत्तर देते, यावर. शिवाय चार जाणती माणसे ज्याच्याकडे बोट दाखवतात त्याचा शब्द वजनदार. पेज आणि ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी हेच तत्त्व धरून १९९८ साली गूगल कंपनी काढली. त्याच साली वारणा खोऱ्यात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला आणि उसाची माहिती गावच्या संगणकावर मिळू लागली, हेही आपणांस आठवत असेल.

'आमचे उत्पादन' असे कोण शोधणार? लोक शोधतात 'केमिकल नसलेला कोल्हापुरी गूळ'. तिने तेच शब्द वर घेतले. भेंडीच्या रसाने मळी कशी काढतात, ढेप पावसाळ्यात कशी ठेवावी, हे गुळव्याला विचारून लिहिले. कॉलेजच्या पानावरून दुवा मिळाला. पाचव्या महिन्यात पुण्याहून पहिला फोन आला. ढेपा पाचच गेल्या, पण भाव या वेळी घरच्यांनी सांगितला!

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव खऱ्या गुळाच्या मागे उभे करायचे तर आपल्याच पोरांनी लिहायला हवे. मात्र "पैसे द्या, पहिला नंबर लावून देतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. तशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगलच सांगते.

तेव्हा पोरगी संगणकापुढे बसली तर लगेच ओरडू नका. आधी विचारा, "नोंद झाली का?"