पायांची बेचैनी आणि लोहाची ठेव

निवृत्तीनंतर गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर येथे आम्ही काही दिवस मुक्कामास होतो. दिवसभर किनाऱ्यावर हिंडणारा मी, रात्री आडवा होताच मात्र पोटऱ्यांत काहीतरी सरपटत असल्याचा भास होई. पाय हलविल्यावाचून राहवत नसे. उठून ओसरीवर येरझारा घातल्या की बरे वाटे; पडलो की पुन्हा तेच. सायंकाळच्या प्रतिक्रमणातही स्थिर बसवेना. आपले मनच चंचल झाले, असे समजून मी वर्षभर स्वतःला दोष देत राहिलो.

हा दोष मनाचा नसून विकार मज्जासंस्थेचा आहे, हे पुढे डॉक्टरांकडून कळले. त्यास ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. स्वीडनचे डॉ. कार्ल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. विश्रांतीत वाढणे, चालल्याने उतरणे व रात्री जोर धरणे, या त्याच्या खुणा होत.

मेंदूतील लोहाची उणीव हे त्याचे एक महत्त्वाचे कारण. व्यापारी कुटुंबांस समजेल अशा भाषेत सांगायचे, तर हिमोग्लोबिन ही गल्ल्यातील रोकड आणि फेरिटिन ही ठेव. माझी रोकड पुरेशी होती. ठेव आटली होती. अहवालात ‘सामान्य’ दिसणारा आकडाही येथे अपुरा ठरू शकतो. फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी असल्यास डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. तपासणीविना लोहाच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत. अतिरिक्त लोह अपायकारक असते. शिवाय उतारवयात लोह का घटले, पोटात कोठे रक्तस्राव तर होत नाही ना, हेही पाहावे लागते.

शाकाहारी घरांत कडधान्यांवर लिंबू पिळावे आणि जेवणास लागून चहा घेऊ नये. त्याने लोहाचे शोषण घटते. सर्दी व ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी त्रास वाढतो. गर्भारपणात व मूत्रपिंडाच्या विकारातही तो उद्भवतो.

लोहाने न भागल्यास गॅबापेंटिनसारखी औषधे देतात. पूर्वी सर्रास दिली जाणारी डोपामिन वर्गातील औषधे दीर्घकाळ घेतल्यास त्रास उलट वाढू शकतो. चौविहार पाळणाऱ्यांनी आपला नियम डॉक्टरांस आधीच सांगावा, म्हणजे गोळीची वेळ त्याप्रमाणे ठरविता येईल. परस्पर औषध बंद करू नये.

काही महिन्यांच्या उपचारानंतर मला पुष्कळ उतार आहे. एखाद्या सायंकाळी पाय तक्रार करतात. तेव्हा मी उभ्यानेच कायोत्सर्ग करतो. आपल्या घरातील कोणी रात्री येरझारा घालीत असेल, तर त्यास रागावण्याआधी त्याचे फेरिटिन तपासून घ्यावे, एवढीच विनंती.