रानटी धानाच्या शोधात : अँडीज पर्वतापासून रायपूरच्या बीजकोशापर्यंत

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या बीजकोशात धानाचे सुमारे २३ हजार नमुने जतन करण्यात आले आहेत. देशातील धानाच्या सर्वांत मोठ्या संग्रहांमध्ये त्याची गणना होते. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या वाणांसोबतच तळ्याकाठी आणि नाल्यांमध्ये आपोआप उगवणाऱ्या रानटी धानाचे नमुनेही त्यात आहेत. हा संग्रह कसा उभा राहिला, तो कशासाठी आवश्यक आहे आणि त्यावर नेमका अधिकार कोणाचा, हे तीनही प्रश्न आज तितकेच महत्त्वाचे आहेत.

रानटी वनस्पती का हव्यात?

आज आपण पिकवतो ती सर्व पिके कधी ना कधी रानटी होती. माणसाने हजारो वर्षे निवड करीत त्यांना मोठे दाणे, गोड चव आणि एकाच वेळी पक्व होण्याचा गुण दिला. मात्र या निवडीत काही गुण मागे राहिले. रोगाशी झुंजण्याची, पाण्याविना तग धरण्याची किंवा साचलेल्या पाण्यात उभे राहण्याची क्षमता अनेकदा पिकापेक्षा त्याच्या रानटी आप्तामध्ये अधिक आढळते. त्यामुळे एखादा नवा रोग आला की संशोधकांना पुन्हा रानाकडे वळावे लागते.

या शोधयात्रांचे सर्वांत प्रसिद्ध क्षेत्र म्हणजे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. बटाट्याचे मूळ घर तेच. तेथे एकाच डोंगराच्या उतारावर, काही तासांच्या चढणीत, उष्ण दरीपासून हिमरेषेपर्यंतचे हवामान बदलत जाते आणि प्रत्येक उंचीवर वनस्पतींचे वेगळे प्रकार आढळतात. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी ज्या प्रदेशात पिकाची विविधता सर्वाधिक तेथे त्याचे उगमस्थान असावे, असा सिद्धांत मांडला. १९२०च्या दशकात त्यांचे सहकारी बटाट्याच्या शोधात अँडीजमध्ये गेले आणि १९३२-३३ मध्ये वाव्हिलोव्ह यांनी स्वतः दक्षिण अमेरिकेचा दौरा केला. इंग्लंडचे तरुण संशोधक जॅक हॉक्स यांनी १९३८ मध्ये लेनिनग्राड येथे त्यांची भेट घेतली आणि १९३९ मध्ये ते बटाट्याच्या शोधमोहिमेवर अँडीजमध्ये दाखल झाले. त्या मोहिमेत मिळालेल्या एका नमुन्यातून पुढे बटाट्याच्या मुळांवरील सूत्रकृमीला तोंड देणारा गुण सापडला.

अशा शोधांमध्ये योगायोगाचाही वाटा असतो. १९६२ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू इल्टिस पेरूच्या पर्वतराजीत रानटी बटाट्यांच्या शोधात फिरत होते. वाटेत त्यांना बारीक, हिरवट फळांचे रानटी टोमॅटोचे झुडूप दिसले. खाण्याच्या दृष्टीने ते फळ निरुपयोगी होते; तरीही त्याच्या बिया त्यांनी कॅलिफोर्नियातील चार्ल्स रिक यांच्याकडे पाठवल्या. रिक यांनी अनेक पिढ्यांच्या संकरानंतर त्यातील साखरेचे प्रमाण वाढविणारा गुण लागवडीच्या टोमॅटोमध्ये आणला. अशा रीतीने डोंगरातील एका नगण्य झुडपाने टोमॅटोवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगाला हातभार लावला.

छत्तीसगडचे रानटी धान

अँडीजमध्ये जे स्थान बटाट्याला, तेच छत्तीसगडमध्ये धानाला आहे. येथे विविधता उंचीपेक्षा जमिनीच्या प्रतीवर अवलंबून असते. शेतकरी जमिनीचे चार प्रकार मानतात : मुरमाड, उंचावरील भाठा, पिवळसर, हलकी मटासी, मध्यम प्रतीची डोरसा आणि खोलगट भागातील काळी कन्हार. भाठ्यावर पाऊस संपताच ओल सरते, म्हणून तेथे लवकर येणारे वाण लागतात. कन्हारात पाणी दीर्घकाळ टिकते, म्हणून तेथे उशिरा येणारे वाण चालतात. एकाच गावात चारही प्रकारच्या जमिनी असल्याने एकेका कुटुंबाकडे अनेक वाण असणे स्वाभाविक होते.

रानटी धान या शेतांच्या कडेलाच वाढते. त्याचे दोन प्रमुख प्रकार भारतात आढळतात. शास्त्रीय परिभाषेत ‘ओरायझा रूफिपोगॉन’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार खोल पाण्यात वाढतो आणि अनेक वर्षे जगतो. ‘ओरायझा निवारा’ हा दुसरा प्रकार उथळ, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या डबक्यांत वाढतो आणि एका वर्षात आपले जीवनचक्र पूर्ण करतो. यातील ‘निवारा’ हे नाव संस्कृतमधील ‘नीवार’ या शब्दावरून १९६५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दिले. नीवार म्हणजे नांगरणीविना उगवणारे, तपोवनातील ऋषींचे अन्न. कालिदासाच्या ‘शाकुंतला’तही आश्रमाच्या वर्णनात नीवाराचा उल्लेख येतो.

हा संदर्भ केवळ ग्रंथांपुरता उरलेला नाही. छत्तीसगडमध्ये जन्माष्टमीच्या दोन दिवस आधी कमरछठ अर्थात हलषष्ठीचे व्रत केले जाते. मुलांच्या दीर्घायुष्यासाठी उपवास करणाऱ्या माता त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतील धान्य खात नाहीत. त्यांच्या ताटात असतो तो तळी आणि डबक्यांतून गोळा केलेला लालसर ‘पसहर’ तांदूळ. एरवी दुर्लक्षित राहणारा हा तांदूळ त्या आठवड्यात रायपूरच्या बाजारात उत्तम प्रतीच्या तांदळापेक्षाही महाग विकला जातो. महाराष्ट्रातील वाचकांना ऋषिपंचमीची आठवण येथे येईल; बैलाच्या कष्टाचे अन्न त्या दिवशी वर्ज्य मानण्यामागील भावना तीच आहे.

शेतकऱ्याचा अनुभव मात्र नेहमीच इतका सौम्य नसतो. रानटी धान आणि लागवडीचे धान यांच्या संकरातून तयार होणाऱ्या तणाला छत्तीसगडमध्ये ‘करगा’ म्हणतात. कोवळेपणी ते पिकापासून वेगळे ओळखता येत नाही आणि पक्व होताच त्याचे दाणे गळून पुढील हंगामासाठी मातीत जातात. यावर उपाय म्हणून रायपूर येथे ‘श्यामला’ हे जांभळ्या पानांचे वाण विकसित करण्यात आले. जांभळ्या पिकात हिरवा करगा सहज दिसतो आणि वेळीच उपटून टाकता येतो.

डॉ. रिछारिया यांचे कार्य

रायपूरच्या संग्रहाचा पाया डॉ. राधेलाल रिछारिया यांनी घातला. कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेचे ते संचालक होते. १९६०च्या दशकात परदेशी बुटक्या वाणांची आयात घाईने होऊ नये, त्यांच्यासोबत नवे रोग देशात येतील, अशी भूमिका त्यांनी घेतली. या मतभेदात त्यांना पद सोडावे लागले. पुढे १९७१ पासून त्यांनी रायपूर येथे तत्कालीन मध्य प्रदेश सरकारच्या भात संशोधन संस्थेची धुरा सांभाळली. अल्प मनुष्यबळ आणि तुटपुंज्या निधीच्या आधारे त्यांनी छत्तीसगडच्या गावागावांतून १७ हजारांहून अधिक नमुने गोळा केले. भारतात एकेकाळी धानाचे दोन लाख वाण असावेत, असा त्यांचा अंदाज होता. देशी वाणांमध्येही भरघोस उत्पन्न देणारे वाण आहेत, त्यांचाच विकास करावा, हे त्यांचे आग्रहाचे प्रतिपादन होते. १९७०च्या दशकातच ती संस्था बंद करण्यात आली आणि संग्रह कृषी विद्यापीठाकडे गेला. १९८७ मध्ये रायपूर येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. तेथील एका संशोधन प्रयोगशाळेला आज डॉ. रिछारिया यांचे नाव आहे. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी जमवलेल्या वाणांची नावे हा भाषेच्या अभ्यासकासाठीही ठेवा आहे. जिऱ्यासारख्या बारीक दाण्याचे जीराफूल, देवाच्या नैवेद्याचे विष्णुभोग, राजाच्या थाळीचे बादशाहभोग, ‘म्हातारा-म्हातारी’ अशा अर्थाचे डोकरा-डोकरी, तसेच दुबराज, गुरमटिया, लुचई, सफरी अशी ही नावे आहेत. दाण्याचा आकार, सुवास, रंग, उपयोग यांची माहिती अनेकदा नावातच सामावलेली असते. म्हणूनच नमुना घेताना त्याचे स्थानिक नाव जसेच्या तसे नोंदविणे आवश्यक मानले जाते.

नमुना कसा गोळा केला जातो?

शोधमोहिमेचा काळ पिकाच्या पक्वतेवर ठरतो. रानटी धानाच्या बाबतीत ही वेळ साधणे कठीण असते, कारण दाणे एकाच वेळी पिकत नाहीत आणि पिकताच गळतात. त्यामुळे काही वेळा ओंबीवर आधीच पिशवी बांधून ठेवावी लागते. एका जागी एकाच रोपाऐवजी अनेक रोपांच्या ओंब्या घेतल्या जातात, जेणेकरून त्या ठिकाणची संपूर्ण विविधता नमुन्यात यावी. सोबत गाव, जागेची उंची, माती, पाण्याची खोली, आजूबाजूच्या वनस्पती आणि स्थानिकांनी सांगितलेले उपयोग यांची नोंद केली जाते. या नोंदीशिवाय बी म्हणजे नाव-गाव नसलेला प्रवासी होय.

त्यानंतर बी वाळवून त्यातील ओलावा कमी करण्यात येतो आणि ते हवाबंद पाकिटात ठेवले जाते. दीर्घकालीन साठवणुकीसाठी उणे १८ ते उणे २० अंश सेल्सिअस तापमान राखले जाते. तरीही बी अमर होत नाही. ठरावीक काळाने उगवणक्षमता तपासावी लागते आणि ती घटल्यास शेतात पेरून नवे बी तयार करावे लागते. हजारो नमुन्यांसाठी हे काम खर्चिक असते आणि त्यात खंड पडला तर संग्रह कागदोपत्री उरतो, प्रत्यक्षात नष्ट होतो.

एका नमुन्याचे मोल किती असू शकते, याचे उदाहरण भारतीयच आहे. १९७०च्या दशकात तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या ‘ग्रासी स्टंट’ या विषाणूरोगाने आग्नेय आशियातील भातशेती संकटात सापडली. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा एकच नमुना हाती लागला. तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ‘ओरायझा निवारा’चा होता. त्याचा गुण उतरवलेले ‘आयआर ३६’ हे वाण १९७६ मध्ये प्रसारित झाले आणि पुढील दशकात जगातील सर्वाधिक पेरल्या जाणाऱ्या भातवाणांपैकी एक ठरले.

बियाण्यावर अधिकार कोणाचा?

इल्टिस यांनी पेरूतून बिया पाठवल्या, त्या काळी जगभरातील वनस्पतिसंपदा ही मानवजातीचा सामाईक वारसा मानली जात असे. १९९२ मध्ये रिओ दी जानेरो येथे झालेल्या जैवविविधता कराराने ही धारणा बदलली आणि प्रत्येक देशाचा आपल्या जैवसंपदेवरील सार्वभौम अधिकार मान्य केला.

या बदलाची कसोटी रायपूरमध्ये लागली. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये कृषी विद्यापीठ आणि सिंजेंटा ही बहुराष्ट्रीय बियाणे कंपनी यांच्यातील प्रस्तावित सहकार्याची बातमी प्रसिद्ध झाली. धानाचा संग्रह कंपनीला संशोधनासाठी खुला व्हावा आणि त्याबदल्यात विद्यापीठाला आर्थिक मोबदला मिळावा, असे त्याचे स्वरूप होते. ज्या शेतकऱ्यांनी हे वाण जपले, त्यांना विचारल्याविना हा व्यवहार कसा होऊ शकतो, असा सवाल करीत शेतकरी संघटना आणि नागरिक रस्त्यावर उतरले. अखेर डिसेंबरमध्ये कंपनीने माघार घेतली.

दुसरे उदाहरण छत्तीसगडपासून फार दूर नसलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतातील ‘पटेल ३’ या धानात काही वेगळ्या ओंब्या पाहिल्या. त्या निवडून त्यांनी बारीक दाण्याचे वाण तयार केले. तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. हे वाण विदर्भ आणि छत्तीसगडमध्ये पसरले. पुढे कृषी विद्यापीठाने ते शुद्ध करून ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने प्रसारित केले. आपल्याला श्रेय आणि मोबदला मिळाला नाही, ही दादाजींची खंत होती. सन्मान आले, परंतु आर्थिक विवंचना संपली नाही. जून २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

कायद्याने यावर काही उत्तरे दिली आहेत. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि कंपनीचे नाव न लावता विकण्याचा हक्क आहे. तसेच स्वतःच्या वाणाची नोंदणीही त्याला करता येते. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये परदेशी कंपनीला येथील जैवसंपदा वापरण्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. सरगुजाच्या जीराफूल तांदळाला २०१९ मध्ये आणि नगरीच्या दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यामुळे या वाणांच्या उत्पादकांना स्वतंत्र ओळख प्राप्त झाली आहे.

तथापि मानांकन लाभते ते सुवासिक आणि बाजारात मागणी असलेल्या तांदळाला. तळ्याकाठच्या पसहरला असे संरक्षण नाही. शहरे वाढतात तशी तळी बुजवली जातात, नाले काँक्रीटचे होतात आणि रानटी धानाची जागा निमूटपणे नाहीशी होते. शीतगृहातील बी तेव्हाच्या गुणांसह थांबून राहते. बदलत्या पावसाशी आणि नव्या किडीशी जुळवून घेण्याची प्रक्रिया मात्र पाण्यात उभ्या असलेल्या रोपातच सुरू असते. त्यामुळे बीजकोश आणि तळे ही एकमेकांना पर्याय ठरू शकत नाहीत. रायपूरच्या बाजारात दरवर्षी कमरछठच्या आधी पसहर विकायला बसणाऱ्या स्त्रियांना अजूनही माहीत आहे, कोणत्या डबक्यात हे धान उगवते आणि ते केव्हा झाडून घ्यायचे. ती डबकी नकाशावर नोंदवून राखणे हे पुढील शोधमोहिमेचे पहिले काम ठरावे.