ताप उतरतो त्या दिवशी

श्रावण सरत आला, लालबाग-परळच्या गल्ल्यांत मंडपांचे वासे उभे राहू लागले आणि गिरगावातल्या जुन्या चाळींच्या पागोळ्या अजून गळतच असल्या, म्हणजे मुंबईच्या दवाखान्यांत एक प्रश्न वारंवार कानी पडू लागतो : "प्लेटलेट किती आल्या?" दादरच्या एखाद्या प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी रक्ततपासणीचा कागद हाती पडताच आप्तेष्टांचे डोळे त्यावरील बाकीच्या सर्व ओळी ओलांडून त्या एकाच आकड्यावर जाऊन खिळतात, तो दीड लाखाखाली आला की घरात चिंता, पन्नास हजारांखाली गेला की धावपळ, आणि वीस हजारांखाली गेला की रक्तपेढ्यांच्या दारी हेलपाटे, असा जणू क्रमच ठरून गेला आहे. डेंग्यूची ही धास्ती खरी आहे, पण तिचा रोख चुकला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या रोगात माणूस दगावतो तो बहुधा रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून रक्तातला द्रव पाझरून गेल्यामुळे. आणि ज्या दिवशी ताप उतरून घरची मंडळी सुस्कारा सोडतात, बहुधा त्याच सुमारास ते पाझरणे भरात येते.

मुंबईला हा ताप नवा नाही. १८७१-७२ साली पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांजीबारकडून निघालेली त्याची साथ एडनमार्गे जहाजांतून या बंदरात उतरली व हिंदुस्थानच्या अंतर्भागात पसरली. सांधे आणि कंबर ठेचून काढणारा, पण बहुतेकांना आठवड्याभरात सोडून जाणारा, असा तो 'हाडमोड्या ताप' होता. रक्तस्राव आणि नाडी बुडणे हे त्याचे उग्र रूप साथीच्या प्रमाणावर दिसले ते १९५३-५४ साली मनिला शहरात, मग १९५८ साली बँकॉकमध्ये, आणि १९६३ साली आपल्याकडे कलकत्त्यात. बँकॉकमधील मुलांचा अभ्यास करताना स्कॉट हॅल्स्टेड या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञांच्या ध्यानी आले की, हा उग्र प्रकार विशेषेकरून दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांत उद्भवतो. या विषाणूचे चार उपप्रकार आहेत; एकाची बाधा होऊन गेली की त्याच्यापुरते दीर्घकाळ संरक्षण लाभते, परंतु पुढे दुसरा उपप्रकार शरीरात शिरला, तर पहिल्या वेळची प्रतिपिंडे त्याला चिकटतात, त्याला निकामी मात्र करू शकत नाहीत, आणि उलट त्याला भक्षक पेशींच्या आत पोचवितात, जेथे तो अधिकच जोमाने वाढतो. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे ओसरत आलेली सहा ते नऊ महिन्यांची अर्भके पहिल्याच डेंग्यूत गंभीर का होतात, याचाही उलगडा यातूनच होतो. आणि या रोगावर निर्धोक लस करणे इतके दुर्घट का ठरले, याचाही. २०१७-१८ साली देशभर झालेल्या रक्तपाहणीत ५ ते ४५ वर्षे वयाच्या लोकांपैकी सुमारे ४८.७ टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे या वयाच्या जवळजवळ निम्म्या लोकांची पहिली पाळी, पुष्कळांच्या नकळत, उलटून गेलेली आहे.

आता भिंतीकडे वळू. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. सूक्ष्म केशवाहिन्यांत तर या अस्तराखेरीज भिंत म्हणण्यासारखे फारसे काही नसतेच. त्याच्या रक्ताकडील पृष्ठावर शर्करा आणि प्रथिने यांचा एक नाजूक थर पसरलेला असतो. अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने बाहेर जाऊ न देण्याचा बंदोबस्त राखण्यात या थराचा वाटा मोठा, आणि अल्ब्युमिन आत राहते म्हणूनच पाणीही आत राहते. डेंग्यूचा विषाणू पेशींमध्ये वाढत असता एनएस-वन नावाचे एक प्रथिन रक्तात सुटते. तापाच्या पहिल्या दिवसांत आपल्याकडे जी 'एनएस-वन' चाचणी करतात, ती याच प्रथिनाचा शोध घेते. आणि दीर्घकाळ ते निदानाची एक खूण म्हणूनच मुख्यत्वे ओळखले जात असे. २०१५ साली कॅलिफोर्नियातील बर्कली आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील संशोधकांनी दाखवून दिले की, विषाणू जवळ नसताना हे एकटे प्रथिनही अस्तर सैल करू शकते. पुढील प्रयोगांत असे आढळले की, ते अस्तराच्याच पेशींकडून अशी विकरे कार्यरत करविते, की जी तो शर्करेचा थर कातरून टाकतात. भरीस भर म्हणून प्रतिकारपेशींनी सोडलेली हिस्टामिनसारखी दाहक द्रव्ये पेशीपेशींमधील सांधे ढिले करतात. चिनी मातीच्या बरणीचा जणू माठ होतो : तांबड्या पेशी आत राहतात, आणि पाणी व अल्ब्युमिन पाझरून फुप्फुसांभोवतीच्या आवरणात आणि उदरपोकळीत साचत जाते.

या प्रकरणातील सर्वांत विलक्षण गोष्ट मला वाटते ती ही की, एवढा उत्पात होऊनही भिंतीची कायमची मोडतोड झालेली आढळत नाही. २४ ते ४८ तासांत पाझरणे आपोआप थांबते आणि बाहेर गेलेला द्रव हळूहळू रक्तात परत येऊ लागतो. तेवढा वेळ रक्ताभिसरण तोलून धरणे, हीच डेंग्यूच्या उपचाराची सारी कला आहे. योग्य उपचारांवाचून गंभीर डेंग्यूतील मृत्यूचे प्रमाण शेकडा २० पर्यंत जाऊ शकते. अनुभवी हातांत तेच शेकडा एकाच्याही खाली राहते. पाझरण्याच्या काळात सलाईन बेताने आणि मोजून द्यावे लागते, कारण गळती थांबल्यावरही ते चालूच राहिले, तर परतणाऱ्या द्रवाची त्यात भर पडून फुप्फुसांत पाणी भरते. "अजून एक बाटली लावा" असा आग्रह धरणाऱ्या नातलगांनी ही गोष्ट अवश्य ध्यानी घ्यावी.

गळतीचा सुगावा देणारी ओळ रक्ततपासणीच्या, म्हणजे सीबीसीच्या, त्याच कागदावर छापलेली असते. तिला हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही म्हणतात, आणि रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींचा हिस्सा किती, हे ती सांगते. द्रव पाझरून गेला की तांबड्या पेशी तेवढ्याच राहून रक्त दाट होते आणि हा आकडा चढतो. रोग्याच्या मूळ आकड्याहून तो २० टक्क्यांनी वाढला, तर गळतीविषयी फारशी शंका उरत नाही. त्याबरोबर हिमोग्लोबिनही चढलेले दिसते, आणि ज्या घरी वर्षानुवर्षे ते कमीच भरत आले, तेथे या वाढीचा आनंद मानला जातो, हे पाहून जीव हळहळतो. रक्तदाबाच्या वरच्या व खालच्या आकड्यांतील अंतर २० पर्यंत किंवा त्याहूनही खाली आले, हातपाय गार पडले, की काळ फार थोडा उरला असे समजावे. आणि अशा अवस्थेतही पुष्कळ रोगी शुद्धीवर असतात, बोलतात, म्हणूनच पाहणारे फसतात.

भिंतीची ही दुर्बलता डोळ्यांनी पाहण्याची एक जुनी रीत आहे. रोग्याच्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधून, वरच्या व खालच्या दाबांच्या मध्यावर तो पाच मिनिटे फुगवून ठेवतात आणि मग सोडतात. हाताचा रंग पूर्ववत झाला की कोपराच्या खालच्या बाजूस त्वचेत टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके उमटलेले दिसतात; बोटाने दाबले तरी ते मावळत नाहीत, कारण ते रक्त वाहिनीबाहेर आलेले असते. एक चौरस इंचात दहा किंवा अधिक ठिपके मोजले गेले, तर डेंग्यूचा संशय बळावतो.

प्लेटलेट कमी होतात, त्याची कारणे अनेक. आरंभी अस्थिमज्जेतील त्यांची निर्मिती मंदावते, आणि ज्या रक्तात असतात त्याही प्रतिपिंडांच्या तडाख्यात सापडून किंवा बिघडलेल्या अस्तराला चिकटून खर्ची पडतात. रक्त गोठविणाऱ्या घटकांपैकी फायब्रिनोजेन घटते, आणि गोठण्याला लागणारा वेळ लांबतो. अस्तरावरून कातरल्या गेलेल्या शर्करेचा काही अंश हेपारिन या गोठणरोधक द्रव्याच्या रचनेचा असल्यामुळे त्याचाही यात हात असावा, असे अभ्यासक मानतात. तरीसुद्धा प्राणघातक रक्तस्राव होतो तो प्रायः नाडी बुडून बराच वेळ गेल्यानंतर, म्हणजे गळतीकडे दुर्लक्ष झाल्यानंतर. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, सिंगापूर व मलेशियातील अभ्यासात प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी असलेल्या, पण मोठा रक्तस्राव नसलेल्या प्रौढ रोग्यांपैकी निम्म्यांना खबरदारी म्हणून प्लेटलेट चढविल्या आणि निम्म्यांना नाही. रक्तस्राव टाळण्यात काही फायदा दिसला नाही, उलट चढविलेल्यांना त्रास अधिक झाला. पपईच्या पानांच्या रसाविषयी एवढेच म्हणता येईल की, त्याने आकडा वाढला तरी भिंतीची गळती थांबते, असे सिद्ध झालेले नाही. मात्र मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या या तापात खरोखर घातक ठरू शकतात; तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तितकेच.

डासांशी मुंबईचे भांडण पुरातन आहे. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने आल्यावर शहरातल्या विहिरी मागे पडत गेल्या, आणि १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी हिवतापाच्या चौकशीचा अहवाल सादर करून त्याचे खापर प्रामुख्याने याच विहिरींवर फोडले. धार्मिक विधींसाठी विहिरीचेच पाणी लागणाऱ्यांनी हरकती घेतल्या, तरी पुष्कळ विहिरी बुजविल्या किंवा झाकल्या गेल्या. हिवतापाचा डास निराळा. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो आणि पाण्याचे अगदी घरगुती साठे पसंत करतो. १८८८ च्या महापालिका कायद्याच्या ३८१ व्या कलमाखाली डासांच्या पैदाशीबद्दल आजही नोटिसा बजावल्या जातात. परंतु नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या चाळकऱ्याने पिंप भरू नये तर काय करावे, याचे उत्तर कोणत्याही नोटिशीत नसते, आणि गिरण्यांच्या जागी उठलेल्या उत्तुंग इमारतींच्या कुंड्यांखालच्या बशांत व अर्ध्या बांधकामांच्या पाण्यात तोच डास तितकाच सुखाने वाढतो.

पिंपावरचे फळकूट सारून आत विजेरीचा झोत टाकावा. डोके खाली आणि शेपटाकडची श्वसननळी पृष्ठभागाला लावून लोंबकळणाऱ्या अळ्या सावली पडताच वळवळत तळाशी जातात. याहून महत्त्वाचे ते पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, आतल्या भिंतीला चिकटलेले : मिलिमीटरभरही लांबी नसलेली काळी अंडी. पाणी ओतून दिले तरी ती जागची हलत नाहीत, आणि कित्येक महिने कोरडी राहूनही पाणी पुन्हा चढले की उबतात. अंड्यातून बाहेर पडल्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून 'कोरडा दिवस' आठवड्यातून एकदा पाळायचा असतो. मात्र त्या दिवशी पिंप नुसते उपडे न करता आतून काथ्याने खसखसून घासावे, आणि तापाच्या रोग्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे.

आणि ताप उतरला की पुढचे दोन दिवस डोळ्यांत तेल घालून रोग्याकडे पाहावे. पोटात सतत दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून वा नाकातून रक्त आले, रोगी गळून गेला किंवा चिडचिडा झाला, सहा तासांत लघवी झाली नाही, तर ताप नाही म्हणून स्वस्थ बसू नये. परळचे केईएम असो, आर्थर रोडवरचे कस्तुरबा असो की मुंबई सेंट्रलचे नायर, जे जवळ असेल तेथे त्याला त्याच घटकेला न्यावे, आणि प्लेटलेटचा आकडा विचारण्याआधी हिमॅटोक्रिट विचारावा.