चालू इंजिनात कॅमेऱ्याला नेमकं काय दिसतं?

इंजिन चालू असताना सिलिंडरच्या आत बघायचं कसं? पिस्टनच्या माथ्यावर क्वार्ट्झची खिडकी बसवायची. पिस्टन लांब आणि पोकळ, आणि त्या पोकळीत ४५ अंशात एक आरसा. पिस्टन वरखाली होतो, आरसा मात्र जागचा हलत नाही. बाजूच्या कॅमेऱ्याला थेट ज्वाळा दिसते. जनरल मोटर्सच्या फ्रेड बाउडिच यांनी १९६० च्या सुमारास मांडलेली ही युक्ती अजूनही चालते.

वेगाचं गणित सोपं आहे. १२०० आरपीएमला क्रँक सेकंदाला ७२०० अंश फिरतो. दर अंशाला एक फोटो हवा तर सेकंदाला ७२०० फ्रेम. हायस्पीड कॅमेऱ्याला हे जड नाही.

खरी गोम पुढे आहे. डिझेलच्या व्हिडिओत लख्ख पिवळं दिसतं ना, ती तापलेली काजळी! सगळ्यात जास्त उष्णता तिथेच सुटतेय असं धरून चालू नका. त्यासाठी ओएच मूलकांचा ३१० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश टिपतात. काजळीच्या उजेडापुढे तो फारच फिका, म्हणून फिल्टर आणि बहुतेक वेळा इंटेन्सिफायरही लागतो. प्रपोजल लिहितानाच हे ठरवा, नाहीतर वर्षभर काजळीच मोजत बसाल.

शिवाय खिडकी काळवंडते, तापते. म्हणून बरेचदा काही फेऱ्या कोऱ्या सोडून एकदाच इंधन पेटवतात. मग भिंती नेहमीइतक्या तापत नाहीत, आणि व्हायवात परीक्षक नेमकं तेच विचारतात. त्याच फेरीतला दाबही नोंदवून ठेवा. उष्णता केव्हा सुटली ते दाबावरून कळतं; कुठे, ते चित्रातच शोधावं लागतं.