सीरियल पोर्टवर अडकू नका!

रोबोच्या सेन्सरचा डेटा येईपर्यंत आपला सी प्रोग्रॅम रीड() वरच अडकून बसतो. तेवढ्यात मोटर थांबवायची वेळ आली तर? म्हणून लिनक्समध्ये मी पोर्ट उघडतानाच ओ_नॉनब्लॉक देतो. मग डेटा नसला की रीड() लगेच उणे १ देतं. एरनोमध्ये ईअगेन दिसलं तर घाबरू नका, 'अजून काही आलं नाही' एवढाच त्याचा अर्थ. पण लूपमध्ये सारखं विचारत राहिलात तर सीपीयू फुकट राबतो. त्यापेक्षा सिलेक्ट() ला १०० मिलिसेकंदांची मुदत द्या. ९६०० बॉडला सेकंदाला जेमतेम ९६० बाइट येतात (स्टार्ट-स्टॉप धरून बाइटला १० बिट), त्यामुळे रॉ मोडमध्ये ओळ तुकड्यातुकड्यांनी मिळते. तुकडे बफरमध्ये जोडत जा आणि ओळ पूर्ण झाल्यावरच तिचा आकडा वापरा, नाहीतर १२५ चे १२ होतात!