बोलणारे टॅपेट बरे, मुके टॅपेट वाईट

आमच्या छोट्या व्यापाऱ्याचा अर्धा धंदा आज मोटारसायकलवर चालतो. गांधीबागेतून कापडाचे गठ्ठे, इतवारीतून किराण्याचा माल, कळमन्याच्या मार्केट यार्डातून भाजी व फळे, हे सारे मोमिनपुऱ्यात, सदरमध्ये किंवा थेट कामठीपर्यंत याच गाडीवरून येते-जाते. सुतार, वेल्डर, प्लंबर यांची तर हत्यारांची पेटीही गाडीलाच बांधलेली असते. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची रोजी बुडाली. असे असूनही या गाडीच्या एका भागाकडे फारसे कोणी पाहत नाही. तो म्हणजे इंजिनच्या हेडमधील टॅपेट. आणि पाहिलेच तर चुकीच्या कारणाने पाहिले जाते, आवाज येतो म्हणून!

आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शंभर सीसीच्या गाडीतून टिक-टिक असा बारीक आवाज येऊ लागला. रस्त्यातल्या एका गॅरेजवर थांबलो आणि "तेवढा आवाज बंद करून द्या" म्हणालो. इंजिन तापलेले होते. मिस्त्रीने टोपण उघडले, पाना लावला, बोटाने हलवून अंदाज घेतला आणि नट कसला. पाच मिनिटांत आवाज गेला, आम्हीही खूश होऊन पैसे दिले. चार महिन्यांनी एका सकाळी किक अगदी हलकी लागू लागली आणि गाडी सुरूच होईना. हेड उतरवले तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी जळून खाल्लेली दिसली. व्हॉल्व्ह, सीटचे काम, गॅस्केट, मजुरी आणि वर तीन दिवस पायपीट. दोष एकट्या मिस्त्रीला कसा द्यावा? आवाज बंद करण्याची मागणी आमचीच होती. गॅप मोजून द्या, असे आम्ही म्हटलेच नव्हते.

फट कशासाठी?

फोर-स्ट्रोक इंजिनच्या हेडमध्ये निदान दोन व्हॉल्व्ह असतात. एक पेट्रोल आणि हवा आत घेतो, तो इनलेट; दुसरा जळालेला धूर बाहेर सोडतो, तो एक्झॉस्ट. कॅम फिरतो, रॉकर खाली दाबतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. स्प्रिंग त्याला परत बंद करते. रॉकरच्या टोकाचा स्क्रू आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. तिलाच आपण टॅपेटची गॅप म्हणतो. धातू तापला की फुगतो. ही फट नसेल तर तापलेली दांडी लांबून रॉकरला टेकेल आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होणार नाही.

व्हॉल्व्ह पूर्ण बंद न होणे हेच खरे संकट. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला २५०० वेळा, म्हणजे तासाभरात दीड लाख वेळा उघडतो आणि मिटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या अंगावरून आगीसारखा धूर जातो. ही उष्णता तो प्रामुख्याने आपल्या सीटवर टेकून बसतो तेवढ्या क्षणातच हेडला देऊ शकतो. टेकायलाच मिळाले नाही तर उष्णता जाणार कुठे? शिवाय स्फोटाच्या वेळचा जाळ त्याच बारीक फटीतून सुटू लागतो आणि गॅस-कटरने पत्रा कापावा तशी व्हॉल्व्हची कड कापत जातो.

फट जास्त झाली तर मात्र रॉकर ठोकत राहतो, टिक-टिक ऐकू येते, पिकअप थोडा कमी होतो, काळाने भाग झिजतात. हेही वाईटच, पण ते ओरडून सांगते. फट कमी झाली तर इंजिन उलट गोड वाजते! व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, त्यामुळे कोणी हात न लावताही गॅप कमी होऊ शकते. म्हणूनच आम्ही म्हणतो की बोलणारे टॅपेट बरे, मुके टॅपेट वाईट.

ही सवय कुठून आली?

आमच्या जुन्या उस्तादांचे हात लुना, चेतक, राजदूत, येझदी यांवर तयार झाले. ही सारी टू-स्ट्रोक इंजिने. त्यांच्या हेडमध्ये असले व्हॉल्व्हच नव्हते, मग टॅपेट कुठले? १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली आणि शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी घराघरांत पोचली. २००० सालानंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक दुचाकी बाजारातून जवळपास गेल्या. इंजिन बदलले, पण कानाने आणि बोटाने काम करण्याची जुनी सवय अनेक ठिकाणी तशीच राहिली. कार्बोरेटर कानाने लावता येतो, हे खरे. मिलिमीटरचे शंभर भाग करून त्यातले पाच कानाने मोजता येत नाहीत, हेही तितकेच खरे. लिहिण्याचा साधा कागद त्याच्या दुप्पट जाड असतो.

घरच्या घरी कसे करावे?

साध्या शंभर सीसीच्या गाडीचे हे काम थोडा हात असलेला कोणीही घरी करू शकतो. पाने, स्क्रू धरण्याची चावी, प्लग-पाना आणि फिलर गेज एवढेच लागते. फिलर गेज म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. अवजारांच्या दुकानात तो दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्यात ०.०५ मिलिमीटरची पट्टी आहे ना, हे पाहूनच घ्यावा.

पहिली अट, इंजिन पूर्ण थंड हवे. होंडाच्या पुस्तिकांमध्ये ३५ अंश सेल्सिअसच्या खाली, असे स्पष्ट सांगितलेले असते. आता नागपूरच्या मे महिन्याचा विचार करा. दुपारी पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा रात्रभर उभी असलेली गाडीही या अर्थाने थंड नसते. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटेच करावे, रात्री सावलीत उभ्या केलेल्या गाडीवर.

गाडी न्यूट्रलमध्ये, मधल्या स्टँडवर घ्या. प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. डाव्या बाजूच्या कव्हरवरील दोन टोपणे उघडा. एकातून क्रँकचा नट दिसतो, दुसऱ्यातून मॅग्नेटवरील खुणा. मग हेडवरील दोन टॅपेट कॅप काढा. वरची इनलेटची आणि खालची, रस्त्याकडे तोंड असलेली, एक्झॉस्टची. खालच्या कॅपमधून थोडे ऑइल गळेल, खाली फडके ठेवा. ही खालची कॅप अडचणीच्या जागी असते, म्हणून घाईत वरचेच टॅपेट पाहून काम संपवले जाते. आणि जळतो तो बहुधा खालचाच!

आता क्रँकच्या नटाला सॉकेट लावून इंजिन डावीकडून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे चाक पुढे जाताना फिरते त्याच दिशेने, फिरवा. इनलेटचा रॉकर खाली दबून परत वर येताना पाहा. त्यानंतर मॅग्नेटवरची 'टी' ही खूण कव्हरवरील खाचेसमोर आणा. शेजारीच 'एफ' ही खूण असते, ती स्पार्कची आहे. अनेकांची गफलत इथेच होते. 'टी' जुळल्यावर दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. एखादा घट्ट लागला तर आपण चुकीच्या फेरीवर आहोत. इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा 'टी' जुळवा.

मग स्क्रू आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये पट्टी घाला. सीडी १०० जातीच्या जुन्या इंजिनांत हे माप दोन्हीकडे ०.०५ मिलिमीटरच्या आसपास आहे. अनेक नव्या मॉडेलांत माप वेगळे असते आणि एक्झॉस्टला इनलेटपेक्षा जास्त दिलेले असते. म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलेच माप धरावे, शेजाऱ्याच्या गाडीचे नव्हे. पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे. सैल सरकली तर फट जास्त, शिरलीच नाही तर कमी. लॉकनट ढिला करून स्क्रू फिरवा, माप जुळले की स्क्रू तसाच धरून नट कसा. आणि नट कसल्यावर पट्टी पुन्हा घालून पाहा. कसताना स्क्रू सरकतो आणि जुळवलेले माप बिघडते. ही दुसरी तपासणी टाळली तर पहिली केली न केली सारखीच.

कॅपची रबरी रिंग चिरली असेल तर बदला, नाही तर ऑइल पाझरेल. प्लग आधी हातानेच बसवा, आटे चुकू देऊ नका. शेवटी ऑइलची पातळी पाहूनच गाडी सुरू करा. बारीक, एकसारखी टिक-टिक ऐकू आली तर घाबरू नका. मोजलेल्या गॅपचा थोडा आवाज हा निरोगी इंजिनचाच आवाज असतो.

कुठे हात आखडता घ्यावा?

सगळ्या गाड्या एका मापाच्या नाहीत. जुन्या लोखंडी इंजिनच्या बुलेटमध्ये पट्टी लागत नाही. थंड इंजिनवर पुशरॉड बोटांनी मोकळा फिरावा पण वर-खाली खेळू नये, अशी रीत आहे. केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांत स्क्रूऐवजी ठरावीक जाडीच्या चकत्या असतात. ते काम घरचे नाही. स्कूटरमध्ये तत्त्व तेच, पण आवरणे काढावी लागतात आणि खुणा पंख्याच्या बाजूला शोधाव्या लागतात.

रिसॉर्ट आणि फार्महाउसवर हौशी लोकांना फिरवणाऱ्या चारचाकी एटीव्ही गाड्यांबद्दलही दोन शब्द. त्या पाहून मिस्त्री बिचकतो. पण लहान, ११० सीसीच्या बऱ्याच एटीव्हींमध्ये होंडाच्या जुन्या आडव्या इंजिनाचीच नक्कल बसवलेली असते, म्हणजे आपल्या सीडी १०० आणि स्प्लेंडरचे भावंडच! सीट आणि प्लॅस्टिकची आवरणे उतरवली की तीच दोन टोपणे, त्याच खुणा, तोच स्क्रू आणि तोच लॉकनट. मोठ्या एटीव्हीचे माप मात्र पुस्तिकेत पाहूनच धरावे. ज्याला स्प्लेंडरचे टॅपेट मोजून लावता येते, त्या कारागिराला हे नवे गिऱ्हाईक घेण्यास हरकत नाही. धूळ आणि चिखलात चालणाऱ्या या गाड्यांना देखभाल जास्तच लागते.

गिऱ्हाईक आणि मिस्त्री, दोघांसाठी

इलेक्ट्रिक गाड्यांना टॅपेट नसते आणि त्या वाढत आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु आज आपल्या दारात उभ्या असलेल्या पेट्रोल गाड्या अजून अनेक वर्षे रोजी देणार आहेत. त्या टिकवणे हाही धंद्यातील नफाच आहे.

आमच्या मिस्त्री बांधवांना विनंती अशी की गिऱ्हाइकाने 'आवाज बंद करा' म्हटले तरी तापल्या इंजिनवर पाना लावू नका. गाडी ठेवून घ्या, थंड होऊ द्या, मापाने काम करा आणि बिलावर लिहा, इनलेट इतके, एक्झॉस्ट इतके. त्या दोन आकड्यांनी तुमच्या हुनराची इज्जत वाढेल आणि गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याकडेच येईल. शागीर्दाच्या हातात पहिल्या दिवशी पान्याबरोबर फिलर गेजही द्या. आणि गिऱ्हाईक बांधवांनो, पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरवर, आवाज येवो न येवो, गॅप तपासून घ्या. पाच मिनिटांत आवाज घालवणाऱ्यापेक्षा 'उद्या सकाळी या' म्हणणारा मिस्त्री तुमचे पैसे वाचवतो. आम्हाला हे एक व्हॉल्व्ह जळाल्यावर समजले, तुम्हाला त्याआधी समजावे म्हणून हे लिहिले.